गावचा रस्ता मोडतो कोण, भरतो कोण?

गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा फलक असतो. रस्त्याची लांबी, खर्च, कंत्राटदाराचं नाव, आणि त्याखाली पाच वर्षांच्या देखभालीची वर्षवार रक्कम. कितीतरी ठिकाणी या फलकाचा रंगही उडालेला नसतो आणि रस्ता मात्र संपलेला असतो. मग पारावर, चहाच्या टपरीवर, ग्रामसभेत एकच निदान होतं: ठेकेदाराने खाल्लं, साहेबाने टक्केवारी घेतली. असं घडत नाही असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. डांबर कमी, खडी हलकी, रोलर नावापुरता, असे रस्ते आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण हे उत्तर इतकं हाताशी असतं की दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. त्या रस्त्यावरून गेलं काय? कुणाचं होतं? कुणाच्या कामासाठी गेलं?

माझं म्हणणं असं की ज्याच्या कामासाठी जड माल गावरस्त्यावरून जातो, त्याच्यावरच तो रस्ता पूर्ववत करून देण्याची जबाबदारी असली पाहिजे, आणि पहिली गाडी हलायच्या आधी ती लेखी ठरली पाहिजे. ड्रायव्हरला दंड करून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक गाडी कायद्याच्या वजनातच चालली तरीही सुटत नाही. हे दुसरं वाक्य अनेकांना पटत नाही, म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो.

गावरस्ता हा महामार्गाचा धाकटा भाऊ नव्हे, त्याची घडणच वेगळी असते. रुंदी बहुतेक पावणेचार मीटर, वाहनं फारच कमी असतील तर तीन मीटर. खाली मुरूम, त्यावर खडीचे थर, वर डांबराचं पातळ कार्पेट. मराठवाडा-विदर्भात याच्याही खाली काळी माती असते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ होते. असा रस्ता बैलगाडी, मोटारसायकल, एसटी, पिकअप, ट्रॅक्टर आणि अधूनमधून एखादा ट्रक एवढ्यांसाठी बांधतात. त्यात चूक काही नाही. कमी पैशांत जास्त गावं जोडायची तर असंच बांधावं लागतं.

रस्ता किती वाहतूक पेलेल हे अभियंते गाड्यांच्या संख्येवर ठरवत नाहीत, ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावर, येणाऱ्या भारावर ठरवतात. ८.१६ टनांचा एक ॲक्सल हे त्यांचं माप. भार वाढला की नुकसान त्याच पटीत वाढत नाही, साधारण चौथ्या घाताने वाढतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून हे तपासलं गेलं आणि जगभरच्या रस्तेबांधणीने ते स्वीकारलं. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. म्हणूनच गावातल्या मोटारी आणि दुचाकी वर्षानुवर्षं फिरल्या तरी रस्त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. एका भरलेल्या ट्रकची बरोबरी करायला हजारो मोटारी लागतात.

आता हायवा घेऊ. दहा चाकांच्या या टिपरचं कायदेशीर एकूण वजन २८.५ टन. रिकामी गाडी साधारण साडेअकरा टनांची धरली तर माल भरता येतो १७ टन. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, वजनाने साधारण साडेचार टन. म्हणजे कायद्याने चार ब्रासही बसत नाहीत. प्रत्यक्षात सहा ब्रास भरलेली गाडी आपल्याकडे कुणाला नवलाची वाटत नाही. तिचं वजन ३८ टनांच्या पुढे जातं आणि मागच्या जोड ॲक्सलवर २१ टनांऐवजी ३० टनांच्या आसपास भार येतो. चौथ्या घाताचा नियम लावला तर मागची चाकं कायदेशीर गाडीच्या चौपट नुकसान करतात.

गावरस्त्यांच्या आराखड्यात एक नेहमीची श्रेणी आहे. दहा वर्षांत मिळून साठ हजार ते एक लाख प्रमाण ॲक्सल, म्हणजे वर सांगितलेल्या ८.१६ टनांच्या ॲक्सलच्या तेवढ्या फेऱ्या, पेलणारा रस्ता. सहा ब्रासची एक हायवा एका फेरीत ढोबळमानाने यातले अठरा खर्च करते. दिवसाला पन्नास फेऱ्या धरल्या तर दहा वर्षांचा रस्ता चार महिन्यांच्या आत संपतो. आणि सगळ्या गाड्या कायद्याच्या वजनात असत्या तर? तरी एका फेरीत पाच-साडेपाच ॲक्सल जातात, आणि रस्ता वर्षभरात संपतो. हिशेब ढोबळ आहे, माती आणि पाऊस त्यात मागेपुढे करतात, पण मथितार्थ बदलत नाही. ओव्हरलोड थांबला पाहिजेच, त्याने रस्त्याचं आयुष्य तिपटीने वाढेल. मात्र शंभर टक्के नियमाने वागणारा मोठा प्रकल्पसुद्धा गावाचा दहा वर्षांचा रस्ता एका वर्षात वापरून टाकतो. तो गुन्हा करत नाही. दुसऱ्याची वस्तू वापरून संपवतो आणि तशीच टाकून जातो.

त्यात २०१८ साली केंद्राने ॲक्सलची मर्यादाच वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनांवरून ११.५ आणि जोड ॲक्सलला १९ वरून २१. माल वाहतुकीचा खर्च कमी व्हावा हा हेतू होता, आणि महामार्गाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. पण १०.२ चे ११.५ झाले की झीज साठ टक्क्यांनी वाढते. त्याच गाड्या महामार्गावरून उतरून गावात शिरतात. गावरस्त्यांची जाडी काही त्या वर्षी वाढली नाही.

माझं आजोळ जालना जिल्ह्यात. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा आसपासच्या टेकड्यांवरून मुरूम निघत होता आणि तो गावांच्या रस्त्यांवरून जात होता. रस्ता कसा मरतो हे मी तिथे नीट पाहिलं. आधी कडेच्या साईडपट्ट्या जातात, कारण पावणेचार मीटरवर समोरासमोर दोन हायवा आल्या की एकीला खाली उतरावंच लागतं. साईडपट्टी दबली की डांबराची कड उघडी पडते आणि पावाच्या कडेसारखी तुटत आत येते. मग चाकांच्या जागी दोन लांब चर पडतात आणि मधे उंचवटा राहतो. मोटारसायकलवाला त्या उंचवट्यावरून जातो, लहान गाडीचं पोट त्याला घासतं. पावसाळ्यात चरांत पाणी साचतं, ते थेट खाली काळ्या मातीत मुरतं, आणि त्यानंतर खड्डे मोजण्यात अर्थ उरत नाही. शेवटी नळकांडी पुलाचे पाइप फुटतात. ओढ्याचं पाणी शेजारच्या रानात शिरतं. कापसाच्या बोंडांवर धुरळ्याचा थर बसायचा, तो कापूस व्यापारी कमी भावाने मागायचा. एसटीची मुक्कामी गाडी आधी उशिरा यायला लागली, मग फाट्यावरच थांबायला लागली. बाळंतपणाला न्यायची बाई बाजेवर टाकून फाट्यापर्यंत नेली, हे मामी सांगते तेव्हा तिचा आवाज अजून चढतो.

गावाने गाड्या अडवल्या. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, म्हणाला, काम संपलं की रस्ता करून देऊ. कागद कुणी मागितला नाही, त्याने दिला नाही. काम संपलं, कॅम्प उठला. खड्ड्यांत थोडा मुरूम पडला, तो पहिल्या पावसात वाहून गेला.

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग आज पूर्ण झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा. त्याच्या उपयोगाबद्दल माझा वाद नाही. पण त्याचा खर्च सांगताना दहा जिल्ह्यांतल्या गावरस्त्यांची झीज त्यात कुणी धरत नाही. ती धरली नाही म्हणून ती झाली नाही असं होत नाही. ती जिल्हा परिषदेच्या आणि गावाच्या अंगावर पडली.

जबाबदार कोण असं विचारलं की बोटं ड्रायव्हरकडे जातात. त्याला फेरीवर पैसे मिळतात आणि गाडीत किती भरायचं हे तो ठरवत नाही. गाडीमालक म्हणतो, सहा ब्रास नेले नाहीत तर हप्ता निघत नाही, भावच तसा ठरलाय. आम्ही रोड टॅक्स भरतो, डिझेलवर उपकर भरतो, टोल भरतो, असंही तो म्हणतो, आणि ते खरं आहे. पण त्यातला टोल महामार्गाला जातो, उपकर दिल्लीला जातो, टॅक्स राज्याला जातो. ज्या गावरस्त्यावरून गाडी धावली त्या रस्त्याचा हिशेब यात कुठेही नसतो.

मग कार्यालयं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्यातल्या रस्त्यांच्या लांबीतला निम्म्याहून मोठा वाटा यांचाच. पण गाडी थांबवून वजन करायचा अधिकार जिल्हा परिषदेला नाही. तो परिवहन खात्याला आहे, आणि त्यांचं पथक महामार्गावर उभं असतं. खाणीचा परवाना महसूल खातं देतं. ते ब्रास मोजतं, ब्रासमागे ६०० रुपये रॉयल्टी घेतं, पावती नसली तर पाचपट दंड लावतं आणि गाडी जप्त करतं. पावती असली की त्यांचं काम संपलं. ॲक्सलवर भार किती, हा प्रश्न तहसीलदाराच्या कागदात येतच नाही. रस्ता बांधणारा ठेकेदार तर पाच वर्षांच्या देखभालीला बांधलेला असतो. त्याला नोटीस गेली की तो लिहून देतो, रस्ता ओव्हरलोड गाड्यांनी मोडला. अभियंता लिहितो, काम निकृष्ट होतं. दोघांपैकी कुणाकडेही गाड्यांची मोजणी नसते, त्यामुळे कुणाचं खरं हे कधीच ठरत नाही. या वादात पाच वर्षं निघून जातात. निकृष्ट काम करणाऱ्यालाही त्यातून सुटायला वाट मिळते, हे आपण लक्षातच घेत नाही. वाहतुकीचा हिशेब ठेवला तर चोर ठेकेदारसुद्धा सापडेल.

कायदा अगदीच रिकामा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय तो चालवणाऱ्यापुरता नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही असंही कायदा सांगतो. दंड भरून ओव्हरलोड चालू ठेवायची सोय राज्यं देत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बंद केली. कलम ११५ तर फारच उपयोगाचं आहे. रस्त्याची किंवा पुलाची अवस्था पाहून एखाद्या प्रकारच्या वाहनांना तिथे बंदी घालता येते. घाटात आणि जुन्या पुलांवर जड वाहतूक बंद करताना जिल्हाधिकारी हाच अधिकार वापरतात. काळ्या मातीतल्या गावरस्त्यांवर पावसाळ्याचे महिने हायवा बंद ठेवायला याहून वेगळा कायदा लागत नाही. थंड देशांत बर्फ वितळून जमीन मऊ होते तेव्हा ग्रामीण रस्त्यांवर काही आठवडे वजनमर्यादा उतरवतात. आपल्याकडे जमीन मऊ व्हायचा हंगाम त्याहून लांब आहे.

पण या सगळ्या तरतुदी दंडाच्या आणि बंदीच्या आहेत. दंड तिजोरीत जातो, रस्ता तसाच राहतो. मोडलेलं भरून द्या असं म्हणणारी सोपी वाट आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये ती १८७८ पासून आहे. वाफेची इंजिनं आणि दगडखाणींच्या गाड्या गावचे रस्ते उखडू लागल्या, तेव्हा तिथल्या संसदेने कायदा केला की नेहमीपेक्षा फार जास्त वजन किंवा असाधारण वाहतूक एखाद्याच्या कामामुळे झाली, तर दुरुस्तीचा जादा खर्च रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेने त्याच्याकडून वसूल करावा. आजच्या त्यांच्या १९८० च्या हायवे कायद्यात कलम ५९ म्हणून ते टिकून आहे. आणि वसुली गाडीवाल्याकडून नाही, ज्याच्या कारणाने ती वाहतूक झाली त्याच्याकडून. हे कळतं तेव्हा मला वाईट वाटतं. आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी त्यांच्या खेड्यांसाठी जे संरक्षण दीडशे वर्षांपूर्वी केलं, ते आपण आपल्या खेड्यांसाठी स्वातंत्र्यानंतरही केलं नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाने वेगळी पद्धत घातली. कमकुवत रस्त्यावर वजनमर्यादेची पाटी लावायची, आणि त्याहून जड गाड्या न्यायच्या असतील तर वाहतूकदाराने आधी करार करून हमीरक्कम ठेवायची. डांबरी रस्त्याला मैलामागे १२,५०० डॉलर, कच्च्याला ६,०००. तिथे शेल गॅसच्या विहिरी खोदायला हजारो ट्रक आले तेव्हा याच करारांच्या जोरावर कंपन्यांना गावचे रस्ते मजबूत करून द्यावे लागले. दूर कशाला, पंजाबात मंडीत विकल्या जाणाऱ्या गहू-धानावर बाजार शुल्क आणि ग्रामीण विकास शुल्क लागतं. त्या पैशातून मंडी बोर्ड खेड्यांचे जोडरस्ते बांधतं आणि दुरुस्त करतं. त्या निधीवरून पंजाबचा केंद्राशी वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी माल जिथून जातो तिथल्या रस्त्याला मालातूनच पैसा मिळावा हे तत्त्व तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं आहे. गोव्यात २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत सावर्डे-कुडचडे भागात खनिजाच्या ट्रकांनी काय केलं, हे तिथल्या लोकांना विचारा. आज तोच अनुभव गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाचा आहे. आलापल्ली-आष्टी रस्त्यासाठी लोकांनी किती वेळा रस्त्यावर बसायचं?

मला हवी असलेली व्यवस्था फार मोठी नाही. ठरावीक फेऱ्यांपेक्षा जास्त जड वाहतूक ज्या कामाला लागणार आहे, मग ते धरण असो, महामार्ग, क्रशर, सौर प्रकल्प किंवा पवनचक्क्या, त्याला परवानगी देतानाच माल कोणत्या रस्त्याने जाणार हे लिहून घ्यावं. काम सुरू व्हायच्या आधी जिल्हा परिषदेचा अभियंता, ग्रामपंचायत आणि प्रकल्पाचा माणूस यांनी रस्ता एकत्र चालून पाहावा, चित्रीकरण करावं. रस्ता पेलणारा नसेल तर आधी मजबूत करावा, नंतर नव्हे. किलोमीटरमागे हमीरक्कम जिल्हा परिषदेकडे जमा व्हावी आणि रस्ता पूर्ववत झाल्याचा ठराव ग्रामसभेने दिल्याशिवाय ती परत जाऊ नये. बऱ्याच मोठ्या कंत्राटांत वाहतुकीने झालेलं नुकसान भरून देण्याचं कलम असतंच. पण तो करार काम काढणारं प्राधिकरण आणि कंत्राटदार यांच्यातला. ज्याचा रस्ता मोडला ती जिल्हा परिषद त्यात पक्षकारच नसते, म्हणून ते कलम कागदावर राहतं. तिला पक्षकार करा, एवढीच मागणी आहे.

कोणत्या गाडीने मोडला हे कसं कळणार, हा प्रश्न आता टिकत नाही. वाळू, मुरूम, खडी असं गौण खनिज वाहणाऱ्या गाड्यांना राज्यात जीपीएस सक्तीचं आहे आणि वाहतूक पास सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरून निघतो. म्हणजे कोणत्या खाणीतून, कोणत्या कामासाठी, कुठे किती ब्रास गेले, हे सरकारला घरबसल्या दिसतं. ती माहिती रॉयल्टी चुकू नये म्हणून गोळा होते. तीच जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला मिळाली तर कोणत्या रस्त्याचा किती हिस्सा कुणी वापरला याचा हिशेब एका दुपारी निघेल.

उसाचं मात्र मला सोपं वाटत नाही. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात आणि पश्चिम महाराष्ट्रातले, सोलापूर-अहिल्यानगरकडचे रस्ते त्यांनी बसतात, यात शंका नाही. पण शेतमाल बाहेर काढायला तर रस्ता बांधलेला असतो. तिथे शेतकऱ्याला नुकसान करणारा ठरवणं चुकीचं आहे. शिवाय एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या दारातली असते, तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून कापला जातो. वाहतुकीवर आकार बसवला की तो फिरून ऊस उत्पादकाच्याच बिलात येणार. म्हणून ऊसपट्ट्यातले रस्ते मुळातच त्या वाहतुकीच्या हिशेबाने जाड बांधावेत, आणि त्याचा जादा खर्च सरकार व कारखान्याने उचलावा, बिलातून कापायला स्पष्ट मनाई करून. दुधाच्या टँकरचंही तसंच. गावातून निघणारा माल आणि गावावरून केवळ पुढे जाणारा माल यांत मी फरक करतो, आणि तो फरक केला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

वाळू-खडी महागेल, घरकुल बांधणाऱ्या गरिबाला त्याचा फटका बसेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. घरकुलाला लागणाऱ्या चार-पाच ब्राससाठी कुणी हमीरक्कम मागत नाही, ती मोठ्या कामांपुरती आहे. आणि आजही हा खर्च कुणीतरी भरतंच आहे. टायर, शॉकअप, वाढलेलं पिकअपचं भाडं, बंद पडलेली एसटी, शाळा सोडलेली मुलगी यांच्या रूपाने तो भरला जातो, फक्त भरणारा हा त्या प्रकल्पाचा मालक नसतो.

यात सर्वांत मोठा पक्षकार सरकार स्वतः आहे, कारण सर्वांत जास्त मुरूम-खडी सरकारी कामांनाच लागते. आता नागपूर ते गोवा असा सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग येऊ घातला आहे. भूसंपादनावरून त्याला, विशेषतः कोल्हापूर भागात, तीव्र विरोध आहे आणि तो प्रश्न वेगळा आहे. पण जिथे कुठे तो होईल, तिथे लाखो ब्रास मुरूम आणि खडी गावांच्या रस्त्यांवरून जाणार हे आजच ठाऊक आहे. त्या रस्त्यांची यादी, त्यांची आजची अवस्था आणि ते पूर्ववत करण्याची तरतूद निविदेतच असायला हवी. आपल्या जिल्ह्यातून असं कोणतंही काम जात असेल तर सरपंचांनी आणि ग्रामस्थांनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. आमच्या रस्त्यावरून माल जाणार असेल तर जिल्हा परिषदेला पक्षकार करून लेखी करार करा, हमीरक्कम जमा करा, मगच गाडी आत घाला. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. गाड्या सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी.